मागच्या स्पीकरमधला कूलर

नवा गॅस सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख टाकणारी मी बाई. भुतंखेतं, स्वप्नातले संकेत, मांजर आडवं जाणं... असल्या गोष्टींसाठी माझ्याकडे वेळच नसतो. इथले अनुभव वाचतानाही मी मनात म्हणायचे – आधी घरातलं वायरिंग तपासून घ्या! त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच वाटतोय. पण लिहिलं नाही तर आभार मानायचे राहून जातील.

आम्ही जळगावला राहतो. माझे वडील, आबा, धुळ्याला देवपुरात एकटे राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. पावसाळ्याआधी ते कायमचे आमच्याकडे येणार होते, तेही बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर. त्यांची एकच तक्रार होती. "तुमना टीव्हीमा नुस्ता ढोल वाजतस. मानसे काय बोलतस ते समजत नही."

म्हणून होम थिएटर घ्यायचं ठरलं. मी सवयीप्रमाणे मुद्दे काढले. सेंटर स्पीकर उत्तम हवा, कारण संवाद तिथूनच येतात. रिसीव्हरची ताकद आणि स्पीकरचे ओहम, म्हणजे विद्युतरोध, जुळायला हवेत. रिमोटवर बटणं कमी हवीत. माझ्या नवऱ्याचा, सुनीलचा मुद्दा एकच – सबवूफर!

"भिंत हलली पाहिजे," तो म्हणाला.

"भिंत राहील जागेवर. आबा मात्र हलतील, परत धुळ्याला."

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि दुकानाच्या डेमो रूममध्ये मस्त गारवा. दुकानदार पारसभाऊंनी दोन रिसीव्हर शेजारी ठेवून एकच संवाद आलटूनपालटून ऐकवला. दुसऱ्यावर शब्द स्वच्छ येत होते. मी त्यावर बोट ठेवलं, पारसभाऊंनी आवाज थांबवला... आणि आमच्या मागे, उजवीकडच्या स्पीकरमधून घरघर सुरू झाली.

घर्रर्र... टक. घर्रर्र... टक.

"अर्थिंगचा प्रॉब्लेम," सुनील लगेच म्हणाला. पारसभाऊंनाही तेच वाटलं. त्यांनी रिसीव्हर बंद केला. घरघर चालूच. मग भिंतीवरचं मेन बटणही बंद केलं. तरीही चालूच!

खानदेशात वाढलेल्या कोणालाही तो आवाज सांगावा लागत नाही. कूलरची टाकी कोरडी पडली की पंप असाच घरघरतो. आणि ती 'टक' तर माझ्या ओळखीची होती. आबांच्या कूलरचं पातं जाळीला घासतं, म्हणून तिथे पुठ्ठ्याची घडी मीच खोचून आले होते.

"हा आबांचा कूलर आहे," मी म्हणाले.

"अगं, आबांचा कूलर धुळ्याला आहे," सुनील हसला. "एवढी लांब वायर पारसभाऊसुद्धा देणार नाहीत."

मी तोवर फोन लावला होता. बराच वेळ रिंग गेली, मग आबांनी उचलला.

"आबा, कूलरमध्ये पाणी आहे ना?"

"बठ्ठं बेस शे, अक्का."

फोन बंद झाला.

"बघ, सगळं ठीक आहे म्हणाले ना?" सुनील म्हणाला.

ठीक तर ते नेहमीच म्हणतात. ताप असला तरी 'बठ्ठं बेस शे'च म्हणतात. पण मला ते आयुष्यभर 'माय' म्हणत आलेत. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण... ती जाऊन कैक वर्षं झाली.

मी आबांच्या शेजारच्या निर्मलाताईंना फोन केला. त्यांच्याकडे आबांच्या घराची किल्ली असते. "ताई, आत्ता जा. फोन चालूच ठेवा." चपलांचा आवाज, कुलूप, दार... आणि ताई ओरडल्या, "आबा! अगं, ह्यांचं अंग नुसतं भाजतंय!"

त्याच क्षणी मागचा स्पीकर गप्प झाला.

पारसभाऊंनी पाण्याच्या गार बाटल्या माझ्या हातात कोंबल्या. "ताई, निघा तुम्ही. सामान कुठे पळून जात नाही." धुळ्याच्या वाटेवर आम्ही पारोळ्यापर्यंत पोचलो. तोवर निर्मलाताईंनी ओल्या चादरीत गुंडाळून, गल्लीतल्या पोरांच्या मदतीने आबांना दवाखान्यात नेलं होतं. उष्माघात. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

संध्याकाळी आबांनी डोळे उघडले, मला बघून म्हणाले, "माय, तू कव्हय उनी?" कधी आलीस, विचारत होते; आणि पुन्हा 'माय' म्हणत होते.

मी निर्मलाताईंना म्हटलं, "कूलरची टाकी कोरडी पडली असणार."

"टाकी कोरडीच होती. नळ कुठे आलेत? पण कूलर चालू कुठे होता? लाईट तर सकाळपासून नव्हती गल्लीत."

तेव्हा आठवलं – आबांशी बोलताना फोनमध्ये त्यांच्या मागे काहीच आवाज नव्हता. शांत होतं सगळं.

पुढे पारसभाऊ घरी सिस्टिम बसवायला आले. त्यांनी स्वतःहूनच विषय काढला. "ताई, तुम्ही गेल्यावर मी तो स्पीकर काढून बघितला. त्या दिवशी त्याला वायर जोडलेलीच नव्हती. नवा पीस आणलाय मी तुमच्यासाठी."

डेमोचा पीस कधी घ्यायचा नाही, हा माझा पक्का नियम. तरी मी हट्टाने तोच मागितला.

आता तो आबांच्या खुर्चीमागे भिंतीवर आहे. सेंटर स्पीकरमधून शब्द नीट येतात, आवाज वाढवावा लागत नाही. पहिल्या दिवशी आबांनी मालिका संपेपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "बठ्ठं ऐकू येस, माय."

पंप का, पातं का, तो आवाज आला कुठून... सुनीलने इंटरनेटवर बरंच शोधलं, ओळखीच्या इंजिनिअरलाही विचारलं. काही हाती लागलं नाही. मी विचारणं सोडून दिलंय. रविवारी धूळ पुसताना त्या स्पीकरपाशी पोचले की मी हळूच "थँक्यू" म्हणते. कोणाला म्हणते, ते मला माहीत नाही. आबा समोर बसलेले असतात, त्यांना एवढ्या हळू बोललेलं ऐकू येत नाही.