तिवईवरची डिश

माझ्या मोटरहोमच्या छतावर टीव्हीसाठी पांढरा घुमटवाला अँटेनाच हवा, हे मी पक्कं ठरवलं होतं. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, टीव्ही सगळं मी स्वतः समोर उभं राहून करवून घेतलेलं. मग छत तरी कमी का दिसावं? विजय नगरच्या दुकानदारानेही तोच पुढे केला. "मॅडमजी, बटन दबाओ, सॅटेलाइट खुद ढूँढ लेगा."

बाबा सोबत होते. फौजेत सिग्नलचं काम करण्यात अर्धी हयात गेलेली, आता वय ब्याऐंशी. "और भिया, गाड़ी पेड़ के नीचे खड़ी की तो?"

"तो धूप में खड़ी करना, अंकलजी."

"ही? ही सावली दिसल्याशिवाय ब्रेकच मारत नाही!"

दुकानात सगळे हसले. माझं डोकंच सणकलं. माळव्याच्या उन्हात कोण सावली शोधत नाही, सांगा ना! पण बाबांनी साधी डिश, दुमडती तिवई आणि लांबलचक केबल बाजूला काढलीसुद्धा. "गाडी सावलीत, डिश मोकळ्यावर. बस."

मी पैसे मोजले, कारण खरेदी त्यांच्या नातीपायी होती. माझी लेक सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या परेडमध्ये छात्रसेनेच्या तुकडीत चालणार होती. आम्हाला पास मिळाले नव्हते, मला रजाही मिळाली ती पंचवीस तारखेपासून. तिला आणायला निघायचं आणि वाटेत जिथे असू तिथे परेड बघायची, एवढंच बाबांचं मागणं होतं.

त्या सकाळी शिवपुरीच्या पुढे मी एका ढाब्यावर गाडी लावली, वर बघितलं आणि जीभ चावली. ऐन थंडीत, ऊन हवंहवंसं असताना, मी सवयीने कडुलिंबाखाली शिरले होते! मागेपुढे ट्रक लागलेले, गाडी हलवता येईना, मोबाइलला रेंज नाही.

बाबांनी तिवई आणि डिश उचलली. केबल ओढत शेजारच्या शेताच्या बांधावर गेले, होकायंत्र बघून डिश आग्नेयेला वळवली, जराशी वर उचलली. पाच मिनिटांत चित्र स्वच्छ! बघायला जमलेल्या ट्रकवाल्यांना मी ठणकावून सांगितलं, "मेरे बाबा हैं!"

आणि नेमका वारा सुटला. डिश हलली की चित्र फुटायचं. तिवईच्या पायांशी विटा लावल्या तरी तेच. शेवटी बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"मी धरते, तुम्ही आत जा," मी म्हटलं.

"सिग्नल सांभाळायची मला सवय आहे. तू आई आहेस तिची. जा, बघ."

पडद्यावर मुलींची तुकडी आली. तिसऱ्या ओळीत, कडेला, माझी पोरगी! मी दारातून ओरडले, "दिसली, बाबा! दिसली!"

त्यांनी मान वळवली नाही. "कदम जुळला होता का?"

"एकदम!"

"मग झालं," ते म्हणाले, आणि परेड संपेपर्यंत त्यांनी डिश सोडली नाही.