टोकाचा नळ

मेघा आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचं मिळणार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कुणीच नाही. कायमची एक जागा निघणार होती आणि ती विभागप्रमुख मधुसूदन सरांच्या हातात होती. सर माणूस गोड. गोड माणसांची मला भीतीच वाटते.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडे फोफावत होतं. अशात सरांनी 'जाळ्यांची भूमिती' या विषयावर कार्यशाळा भरवली. गणितवाले, मेंदूवाले, रस्तेवाले, सगळे एका मांडवात. रस्ता असो, नस असो की नळ, जाळं म्हणजे गाठी आणि दोऱ्या, एवढंच मला कळलं. शहरातल्या नळांचं जाळं मेघानं मांडायचं ठरलं. चांगली बोललीस तर जागा तुझीच, असं सर म्हणाले.

तिनं नकाशा काढला तो आपल्या वस्तीसकट. तिची आई, मनकर्णाबाई, कन्नडहून येऊन जिथं राहिल्या, तिथं मोठ्या लाइनीवरून एकच पाइप जातो आणि संपतो. सरांनी सांगितलं की अशी लोंबती टोकं आधी छाटायची, गणितात तशी रीतच आहे, आकृती स्वच्छ दिसते. मेघाला ते रुचलं नाही. पण जागा डोळ्यांसमोर होती. तिनं छाटली.

भाषण उत्तम झालं. शेवटी पाणीपुरवठ्याचे एक साहेब उठले. दिवसभर डुलक्या घेणारा माणूस, पण कामाचं तेवढं बरोबर ऐकतो. टोकं काढली तरी चालतं का, असं त्यांनी विचारलं.

"जाळ्याच्या आकारात काहीच फरक पडत नाही," मेघा म्हणाली.

टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला. मनकर्णाबाईंनी तो कापून खळीनं दारावर चिकटवला.

महिनाभरात साहेब माणसं घेऊन वस्तीत आले, पाइप बंद करायला. नव्या कॉलन्यांना पाणी हवं होतं. बायकांनी त्यांना घेरलं. साहेबांची नजर दारावर गेली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, या मॅडमनीच सांगितलंय, टोकाचं काढलं तर काही फरक पडत नाही.

संध्याकाळी मेघा घरी आली.

"तू खरंच असं म्हणली व्हती?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"आपली वस्ती त्यात हाय, हे ठावं व्हतं?"

मेघानं खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली. मनकर्णाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

कायमची जागा सरांच्या भाच्याला, देवेशला मिळाली. पेढे सरांनी स्वतः वाटले आणि मेघाच्या हातावर दोन ठेवले.

वस्तीत आता टँकर येतो. शेजारची चंपाबाई घागरींची रांग लावते आणि मनकर्णाबाईंची घागर उचलून पार मागं ठेवते. "टोकाला ऱ्हायली तर काय फरक पडतोय, मावशे," ती म्हणते. मनकर्णाबाई रांगेच्या मागं जाऊन उभ्या राहतात. टँकर बहुतेक वेळा त्यांच्या आधीच संपतो. रिकामी घागर घेऊन त्या घरी येतात आणि दार उघडतात. फोटो अजून तिथंच आहे. खळ पक्की बसलीय.