पेंडीच्या पोत्यातलं पार्सल

पिंपळवंडीच्या वैजयंतीताईंना दुचाकी येत नाही. आळेफाट्याच्या कुरिअरवाल्यांनी बॅटरीवरची तीनचाकी आणली, तेव्हा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना पहिली नोकरी लागली. गाडीला धूर नाही, आवाज नाही. कागदावर एका चार्जिंगला ऐंशी किलोमीटर. मळ्यांच्या चढउतारांवर पंचावन्न. त्यात माणसं रानात आणि फोन घरात, म्हणून एकेका पार्सलला तीन-तीन खेपा. बॅटरी संपल्याने येडगावहून दोनदा गाडी ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली.

ऑफिस सांभाळणारा पेठचा पारस म्हणाला, "ताई, महिनाभर बघू. नाहीतर ही गाडी परत जाईल आणि पेट्रोलच्या दुचाक्या येतील."

म्हणजे नोकरीही जाणार. ताईंनी डोकं चालवलं. घराघरातलं एक माणूस दिवसातून दोनदा न चुकता येतं, ते डेअरीवर दूध घालायला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पिंपळवंडीच्या डेअरीपुढे लागली. तासाभरात चाळीस पार्सलं गेली आणि बॅटरी निम्मीही उतरली नाही.

चौथ्या दिवशी कुंडलिकतात्यांचा खोका निघाला. वरच्या चिठ्ठीवर केसांच्या कलपाचं नाव होतं. दूध मोजणाऱ्या जानकूने ते रांगेला ऐकू जाईल असं वाचलं.

"तात्या, म्हशीला लावायचा का काय?"

"तुझ्या टकलाला तर न्हाई उपेग," तात्या म्हणाले, पण खोका न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सात जणांनी पार्सल घरीच मागितलं. त्यात सुना जास्त. पुन्हा मळे, पुन्हा खेपा.

ताई कुणावर चिडल्या नाहीत. आपण काय मागवलं ते गावानं का बघावं, हे त्यांनाही पटत होतं. डेअरीतून जो तो गुरांसाठी पेंडीचं पोतं नेतो. ताईंनी रिकामी पोती घरी नेऊन धुतली, एकेकात एकेक पार्सल घातलं, तोंड बांधलं आणि वर नुसता आकडा लिहिला; कोणता आकडा कुणाचा, ते फक्त त्यांच्या वहीत.

"आता यात काय हाय, वहिनी?" जानकूने विचारलं.

"पेंड. तुमी फॅट बघा, भाऊ."

तात्यांनी पोतं खांद्यावर टाकलं आणि पन्नास किलोचं असावं तसे वाकून चालत गेले.

महिनाअखेरीस पारसने गाडीचं मीटर दोनदा पाहिलं. "पार्सलं सगळी पोचली आणि किलोमीटर एवढेच?"

"एवढेच."

"मग गाडी राहू द्या. पण वरच्या साहेबांना पोत्यांचं काय सांगू?"

"सांगा, येडगावच्या डेअरीसाठी अजून शंभर लागतील."