गोठ्यातली काच

माझी मावसबहीण पहाटे पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली, असे तिच्या सासरच्यांनी सांगितले. तिच्या माहेराहून, धावड्याहून, मावशी पोहोचली तेव्हा विहिरीवर पंचनामा चालला होता. पोलीस काठ मोजत होते, घागरीची नोंद घेत होते. मावशीला तिकडे बघवेना, म्हणून ती घरामागे गोठ्यात गेली. तिथे ओल्या कडब्याचा नि शेणाचा कोमट वास होता. गव्हाणीखाली हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते. काही मातीत रुतलेले, काही म्हशीच्या खुरांपाशी. संक्रांतीला मावशीनेच तिला त्या भरवल्या होत्या.

आमच्याकडे सवाष्णीची बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि तिचे तुकडे पायदळी येऊ देत नाहीत. मावशी खाली बसली, एकेक तुकडा नखाने मातीतून सोडवला आणि सगळे पदराच्या टोकात बांधून गाठ मारली. हे तिने कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही केले, असे तिला वाटलेच नव्हते.

दिवसकार्य उरकल्यावर लुगडे धुवायला काढले, तेव्हा ती गाठ सुटली. तुकडे तळहातावर आले आणि तिला तो साधा प्रश्न पडला: पाय विहिरीवर घसरला, तर बांगड्या गोठ्यात कशा? ती तशीच तुकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेली. पोलीस पुन्हा त्या घरी गेले; पण तोवर गोठ्यात सिमेंटचा कोबा झाला होता.

पुढे सासरच्यांवर खटला उभा राहिला आणि कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती जालन्याला माझ्याकडे उतरू लागली. सकाळी गच्चीत उभी राहून म्हणायची, तुमच्या हवेला तापल्या तव्याचा वास येतो. सळयांच्या कारखान्यांचा तो वास मला कधीचा येईनासा झाला होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्या दिवशी मात्र तिला कशाचाच वास आला नाही. ती पोटभर जेवली. काच तिच्या लेकीच्या मनगटावर उरलेल्या बांगड्यांशी जुळत होती.

सरकारी वकीलबाईंनी तिला समजावून सांगितले. काच कोणाची, हा वाद नव्हताच. ती कुठे पडली होती, हा होता. पंचांनी ती जागेवर पाहिली असती, फोटो निघाला असता, तर ती काच बोलली असती. उचलली तशी ती मुकी झाली. आता फक्त मावशी बोलणार होती.

बचावाच्या वकिलांनी एकदाही आवाज चढवला नाही. लेक माहेरी आली की तिथेही कधी बांगडी वाढवत असेल ना, असे त्यांनी विचारले. मावशी हो म्हणाली. ते तुकडे तुम्ही कुठे ठेवायच्या? तुळशीत, मावशी म्हणाली.

"मग हे तुळशीतले नाहीत कशावरून?"

"मी सांगून राह्यले ना साहेब. म्हशीच्या पायाखालून उचलले."

"उचलायला नको होते, मावशी."

"मंग लेकीचा चुडा ढोरांना तुडवू द्यायचा होता का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. न्यायाधीशांनी मान वर केली, हसू थांबले, आणि टंकलेखकाची बोटे पुन्हा चालू लागली.

संशयाचा फायदा देऊन सगळे सुटले. फाटकाबाहेर तिच्या लेकीची सासू आमच्यापाशी थांबली. "चहा घेता का, विहीणबाई?" तिच्या स्वरात टोमणा नव्हता. लग्नघरात विचारावे तसे तिने विचारले होते, आणि म्हणूनच ते माझ्याने ऐकवले नाही. मग ती बाई आपल्या माणसांमागे निघून गेली.

वकीलबाई अपिलाविषयी बोलू लागल्या. मावशीने त्यांना पुरते बोलू दिले.

"वरच्या कोर्टातबी मलाच इचारतील ना, कुठं पाह्यलं म्हणून?"

वकीलबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मंग न्हाई," मावशी म्हणाली, आणि स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षाला तिने हात केला.