चावडीचा रेडिओ आणि साखरबाईची म्हैस

पणदऱ्याच्या चावडीत पंचायतीचा रेडिओ होता आणि बाहेर कडुलिंबावर त्याचा कर्णा. रोज संध्याकाळी सहाला पुणे केंद्र लावायचं काम शिपायाचं, म्हणजे आमच्या बिरदेवतात्यांचं. कर्णा वाजला की बायका धारा काढायला बसत. एक्क्याण्णव साली वीज पडली, आतला व्हॉल्व्ह जळाला आणि रेडिओ मुका झाला. तात्या निवृत्त झाले. घरोघरी टीव्ही आले होते. रेडिओचं नाव काढलं की लोक हसत आणि तात्या चिडत.

तीन वर्षांनी त्यांना इंदापुरातल्या एका जुन्या दुकानात हवा तो व्हॉल्व्ह सापडला. घरी न जाता ते तडक चावडीत आले, व्हॉल्व्ह बसवला आणि बटण फिरवलं. दुपारी दीडच्या बातम्या गावभर घुमल्या. तात्या पायरीवर ऐटीत बसले. अर्धा तास झाला, तरी एक माणूस फिरकलं नाही.

"ऐकायचं न्हाय तर कान कशाला दिलेत ह्यांना?" ते करवादले.

तेवढ्यात पलीकडच्या गोठ्यातून साखरबाई तरातरा आली. "तात्या, ही काय येळ हाय व्हय रेडिओ लावायची? म्हशीनं भर दुपारी पान्हा सोडला! भांडं आणायलाबी सवड दिली न्हाय."

तात्या पायरीवरून उठले. "तीन वर्सांनी वळखला तिनं?"

"वळखंल न्हाय तर! आता रोज सहालाच लावा."

त्या संध्याकाळी सहाला तात्या स्वतः शिडी लावून लिंबावर चढले आणि गावाकडं असलेलं कर्ण्याचं तोंड त्यांनी साखरबाईच्या गोठ्याकडं फिरवलं.