एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट

नामदेव गेल्याचं सांगायला त्याचा धाकटा भाऊ बाळकुमहून खोपटला माझ्या घरी आला, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न काय विचारावा? ‘त्याची वही कुठे आहे?’ भाऊ माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. कावीळ होऊन आठ दिवसांत गेलेल्या, चाळिशीही न गाठलेल्या माणसाबद्दल विचारण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं... पण माझ्या डोक्यात सात वर्षं ती वहीच होती. या गोष्टीला आता महिना झाला. शाळेत जातो, शिकवतो, घरी येतो. पण एका जागी बसवत नाही. फळ्याकडे तोंड केलं की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

नामदेव ठाण्याच्या एका कारखान्यात वायरमन होता. शाळा चौथीतच सुटलेली. वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेत गणितं असतात म्हणून तो माझ्याकडे शिकायला येऊ लागला. मी विज्ञानाचा शिक्षक, आणि त्या दिवसांत मला माझ्या बी.एस्सी.चा चांगलाच ताठा होता. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध आणि दोन्ही गुणले की वॉट, एवढं त्यानं पंधरा दिवसांत पाठ केलं. पण खोड एकच. विजेच्या शेगडीच्या पट्टीवर २३० व्होल्ट, हजार वॉट असं स्वच्छ कोरलेलं असलं, तरी हा पठ्ठ्या मीटर लावल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही. ‘मास्तर, पट्टीवर लिवलंय ते तिकडचं. इथं तारेतून किती येतंय ते बघाया नको?’ मी चिडायचो. ‘अरे, परीक्षेला मीटर देणार आहेत का तुला?’ तो हसायचा आणि पुढचं गणित घ्यायचा. एक शिस्त मात्र मी त्याला लावली होती. प्रत्येक मोजणीच्या खाली मोजणाऱ्यानं सही करायची, म्हणजे चुकलं तर कुणाला धरायचं ते कळतं.

तो परीक्षा पास झाला त्याच वर्षी डोंबिवलीच्या एका लहानशा प्रसूतिगृहाच्या समितीवर मला घेतलं होतं. तिथल्या नर्स मालतीबाई. विधवा, मागच्या खोलीत लेकीला घेऊन राहायच्या. खोली नोकरीबरोबरच मिळालेली. त्यांच्याविरुद्ध तक्रार आली की सकाळी डॉक्टर येतात तेव्हा हत्यारं उकळून तयार नसतात. बाई म्हणाल्या, ‘मी वेळेवरच लावते हो. पाण्यालाच पाऊण तास लागतो.’ समितीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या शेगडीची पट्टी वाचली, पाणी मोजलं, कागदावर गणित मांडलं आणि उत्तर काढलं, एकवीस मिनिटं. शिवाय एका सोमवारी जाऊन शेगडी लावूनही पाहिली. पंचविसाव्या मिनिटाला पाण्याला उकळी फुटली. ‘बाई खोटं बोलतायत,’ असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं. महिनाअखेर त्यांनी खोली सोडायची असं ठरलं. मालतीबाई नुसत्या पदराचं टोक पिळत राहिल्या...

नामदेव त्या आठवड्यात तिथे पंख्याचं वायरिंग करायला गेला होता. बाईंनी भांडी बांधायला काढलेली पाहून त्यानं चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी दाबाचा आणि प्रवाहाचा असे आपले दोन्ही मीटर घेऊन सकाळीच हजर झाला. शेगडी चालू केली. दाब एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट, प्रवाह साडेतीन अँपिअर. भागाकार केला तर रोध जेवढा हवा तेवढाच, साडेबावन्न ओहमच्या आसपास. म्हणजे शेगडी ठणठणीत. गुणाकार केला तर सहाशे चव्वेचाळीस वॉट. हजाराच्या जागी सहाशे! त्याच तारेवर पलीकडे पिठाची गिरणी होती. ती सकाळी सुरू झाली की इकडचा दाब उतरायचा, आणि सोमवारी गिरणीला सुट्टी असायची. मी तपासलं तो नेमका सोमवार.

पुढच्या बैठकीत तो वही घेऊन उभा राहिला, तेव्हा माझे कान तापले. आता हा सगळ्यांसमोर माझी चूक वाचणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, ‘मास्तरांना शंका आली. त्यांनीच मला मोजाया धाडलं.’ सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. आणि मी... मी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, ‘असं का सांगितलंस?’ तर म्हणाला, ‘बाईंची नोकरी राहिली ना? मग झालं तर. तुमी मला शिकिवलंत, ते काय खोटं हाय?’ त्यानंतर हा विषय त्यानं कधीच काढला नाही, आणि काढायची माझी छाती झाली नाही. मालतीबाई मात्र जेव्हा भेटतात तेव्हा म्हणतात, ‘मास्तर, तुमच्यामुळे लेकीचं शिक्षण झालं.’ नामदेव गेल्यावर त्याच्या घरी भेटायला आल्या होत्या, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या. त्याची बायको शेजारीच बसली होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठलो.

निघताना त्याच्या बायकोनं ती वही माझ्या हातात दिली. पिवळी पडलेली, तेलाच्या बोटांची. पानोपानी आकडे, आणि प्रत्येक मोजणीखाली त्याची वेडीवाकडी सही. फक्त डोंबिवलीच्या पानावर एकशे चौऱ्याऐंशी आहे, साडेतीन आहे, सहाशे चव्वेचाळीस आहे आणि खालची जागा कोरी. ती त्यानं माझ्यासाठी सोडली होती. काल मी पेन उघडून तिथे त्याचं नाव घालायला बसलो आणि थांबलो. दुसऱ्याची सही आपण करायची नाही, हेही मीच त्याला शिकवलं होतं.

तेव्हा ती जागा कोरीच राहील. मालतीबाई, तुम्ही हे वाचाल. नामदेवला मी पाठवलं नव्हतं. तुम्हाला खोटं ठरवून त्या दिवशी मी घरी गेलो होतो, आणि पोटभर जेवलो होतो.