पेन ड्राइव्हमधली चिंबोरी

स्टेजवर चाळीस पोरं एका पायावर उड्या मारत “मांडवभर पळते वरमाय गो” म्हणत होती, आणि ती वरमाय माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

तिचं नाव हिराबाय, बेलपाड्याची. पोरं तिचं नाव गावासकट घेत होती. पनवेलच्या हॉलमध्ये आसपासच्या सगळ्या शाळांचं मिळून गॅदरिंग होतं. पुढे साहेब लोक, मागे आईबाप. आणि पोरांमध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणारी हिराबायचीच नात, तिच्या लेकीची लेक.

बेलपाड्याची वरमाय हिराबाय गो,
निऱ्यांत चोरली चिंबोरी गो,
नाचाया उठली, चिंबोरी सुटली,
मांडवभर पळते वरमाय गो.

चिंबोरी म्हणजे खेकडा, शहरातल्यांसाठी सांगते. हे कडवं मी जुळवलेलं. हिराबायच्या थोरल्या मुलाच्या हळदीला मांडवात गायले होते. तेव्हा सगळ्यांत जास्त हिराबायच हसली होती. आता ती हसत नव्हती. स्टेजच्या मागे पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘गीत व संकलन’ असं लिहून खाली आमच्या शाळेतल्या वैशाली बाईंचं नाव होतं. मी चौथी शिकलेय. एवढं वाचता येतं.

हिराबाय उठली. जाताना एवढंच बोलली, “पारू, धाकट्याच्या लग्नाला तू येऊ नको. आमी दुसरी बघतो.”

मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. हळद दळताना वेगळा, मांडव घालताना वेगळा, देवांना बोलावताना वेगळा. ते गाणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. धवल्यात जागा असतात. इथे नवऱ्याचं नाव, इथे कुळाचं, इथे मामाचं. घर बदललं की नावं बदलायची. विधीचे धवले जुने आहेत. कुणी केले ते कुणालाच माहीत नाही. चिडवायची कडवी मात्र जिची तिने जुळवायची.

या कामाला दुकान नसतं, पाटी नसते. एका घराने बोलावणं बंद केलं की दुसरं घर विचारतं, का बंद केलं. मांडवातली गोष्ट धवलारणीने चव्हाट्यावर नेली, असं एकदा लोकांच्या मनात बसलं की संपलं. बेलपाडा गेलं तर पाठोपाठ माझं ओवे गावही जाणार, हे मला हॉलच्या पायऱ्या उतरतानाच कळलं. धाकट्याच्या हळदीला एक महिना होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. वैशाली बाई खूश होत्या. मुलांचा पहिला नंबर आला होता. त्यांनीच मला गॅदरिंगला बोलावलं होतं, सरप्राइज आहे म्हणून. हिराबायच्या नातीसकट सगळ्या पोरांना घरी सांगायचं नाही अशी तंबी दिली होती. आमच्या गाण्यांत नावांच्या जागा असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. थोरल्याच्या हळदीला त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, ऐकून लिहून काढलं आणि हिराबाय हे गाण्यातलंच नाव समजून पोरांना पाठ करून दिलं. कुणीतरी एकाचं रेशनकार्ड फळ्यावर उतरवून घ्यावं, तसं.

“पण आजी, हे लोकगीत आहे ना?” त्या म्हणाल्या. “लोकगीत कुणा एकाचं नसतं.”

“मग तुमचं कसं झालं?” मी विचारलं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

मी म्हटलं, ते गाणं पुसून टाका. तेव्हा खरी भानगड कळली. त्यांनी ते पेन ड्राइव्हवर घालून मैत्रिणीला दिलं होतं. मैत्रिणीने तिच्या शाळेत, तिथून पुढच्या शाळेत. व्हॉट्सअॅप अजून आलं नव्हतं, तरी गाणं उलव्यापर्यंत पोचलं होतं. म्हणजे खाडीपलीकडची पोरंही हिराबायच्या निऱ्यांत चिंबोरी घालत होती. कुणाकुणाकडे आहे, याचा हिशेब बाईंकडे नव्हता.

त्याच म्हणाल्या की शनिवारी सगळ्या शिक्षकांचं ट्रेनिंग आहे. विषय कॉपीराइट आणि डिजिटल साहित्याचा जबाबदार वापर. सगळे एका जागी सापडतील. मी म्हटलं, मीही येते.

ट्रेनिंगला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. जेवणानंतरची वेळ. मागच्या रांगेत दोन गुरुजी उघड्या डोळ्यांनी झोपलेले. मॅडम चांगलं सांगत होत्या. ज्याने वस्तू केली, तिचा हक्क त्याचा. वर्गात शिकवताना थोडासा भाग वापरायला कायद्यात सूट आहे. पण अख्खी वस्तू उचलून वाटत सुटायचं आणि वर आपलं नाव घालायचं, याला सूट नाही. पडद्यावर कुलूप लावलेल्या पुस्तकाचा फोटो होता आणि त्या फोटोवरून आडवी फिकट इंग्रजी अक्षरं गेलेली.

मी हात वर केला. “मॅडम, त्या फोटोवर आडवं काय लिहिलंय? मना इंग्रजी नाय येत.”

मॅडमनी वळून पाहिलं. “ते... ज्या कंपनीचा फोटो आहे, तिचं नाव आहे.”

“त्यांना विचारलंत?”

मागचे दोघे गुरुजी जागे झाले. मॅडमचं मला कौतुक वाटलं. त्यांनी सबब सांगितली नाही. “नाही विचारलं,” म्हणाल्या आणि तो फोटो तिथल्या तिथे काढून टाकला. मग मला म्हणाल्या, “आजी, तुम्ही पुढे या. तुम्हीच सांगा.”

मी भाषण करत नाही. मी आमचं काम कसं चालतं ते सांगितलं. हळदीला बसले की पहिल्यांदा माझ्या सासूचं नाव घेते, मग गाते. कारण धवले तिने दिले. कुणाला चिडवायचं असेल तर आदल्या दिवशी त्या घरी जाऊन विचारते, काय चालेल, काय नाही. हिराबाय म्हणाली होती, माझ्यावर पाहिजे ते गा, पण माझ्या बहिणीचं नाव घेऊ नको, ती दुःखात आहे. म्हणून बहिणीचं घेतलं नाही. हिराबायचं घेतलं, ते तिने दिलं म्हणून. आणि दिलं ते त्या मांडवापुरतं, त्या संध्याकाळपुरतं. मांडव सुटला की कडवं सुटलं. पुढच्या घरी तेच कडवं मी स्वतः गात नाही.

“चिंबोरी माझी हाय,” मी म्हटलं, “पण नाव माझं नाय. ते मी कुणाला देऊ शकत नाय. तुमी तर दोन्ही नेलंव.”

काही जण वहीत लिहून घेत होते. एक सर म्हणाले, नावं बदलली तर चालेल का. मी म्हटलं, मला विचारा. ते म्हणाले, प्रत्येक वेळी विचारायचं? मी म्हटलं, तुमच्या शाळेची घंटा न विचारता कुणी नेली तर तुम्ही काय करता?

वैशाली बाई उभ्या राहिल्या. सगळं बोलल्या. गीत माझं नाही, आजींचं आहे. मी विचारलं नव्हतं. पहिला नंबर आलाय तो परत करायला तयार आहे. ज्यांनी माझ्याकडून घेतलं त्यांनी कृपा करून काढून टाका.

मॅडमनी टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि लाइन लागली. एकेक जण पेन ड्राइव्ह लावतो, चिंबोरी शोधतो, डिलीट करतो. झोपलेल्यांपैकी एकाकडे तीन पेन ड्राइव्ह निघाले. चौथा बायकोकडे होता, इंग्रजी शाळेत. तिथेही पोरं तेच गात होती म्हणे, फक्त चिंबोरीच्या जागी क्रॅब.

एवढं होऊनही माझं काम झालं नव्हतं. पेन ड्राइव्ह पुसले म्हणून हिराबायच्या मनातलं पुसलं जाणार नव्हतं. रविवारी मी वैशाली बाईंना घेऊन बेलपाड्याला गेले. हिराबाय पडवीत सुकट निवडत होती. बसा म्हणाली नाही. आम्ही बसलो.

बाईंनी माफी मागितली. मग विचारलं, आम्हांला मुलांना शिकवायला हे गाणं हवंय, आजींनी हो म्हटलंय, पण तुमचं नाव काढून, फक्त ‘बेलपाड्याची वरमाय’ ठेवलं तर तुमची परवानगी आहे का?

हिराबायने सुकट निवडणं थांबवलं नाही. “म्हंजे माझं नाव नाय राहणार?”

“नाही.”

“आन चिंबोरी?”

“चिंबोरी राहील.”

तिने सुकटातला एक खडा बाजूला टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काल बाजारात तीन बाया बोलल्या, हीच ती चिंबोरीवाली. एकीनं मना दोन पापलेटं स्वस्त दिली.”

“मग नाव ठेवू?” मी विचारलं.

“पोरांच्या तोंडी नको. तुझ्या तोंडी ठेव.” मग बाईंकडे वळली. “आधी इचारलं असतंव तर मी तवाच हो बोलले असते. मना चिंबोरीचा राग नव्हता.”

धाकट्याच्या हळदीला मीच गेले. आदल्या दिवशी जाऊन विचारलं. या वेळी हिराबायने स्वतः बहिणीचंही नाव घ्यायला सांगितलं. शाळेसाठी मी नावं नसलेला धवला गायले, आणि त्याला जोडून हिराबायचं नाव काढलेलं चिंबोरीचं कडवं. त्याच्या सीडीवर माझ्या सासूचं नाव आहे, खाली माझं, त्याखाली वैशाली बाईंचं. विचारायला अर्धा दिवस लागतो, न विचारल्याचं निस्तरायला महिना लागतो. शिक्षकांना एवढंच शिकवता आलं.

शाळेचा कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला आणि सीडी लावायला मशीन उरलं नाही. वैशाली बाई रिटायर होऊन साताऱ्याला गेल्या. हिराबाय वारली. मी आहे.